दाबणं निम्मं, सोडणं निम्मं

१२ जून २०२१ची संध्याकाळ. कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामना चालू असताना डेन्मार्कचा २९ वर्षांचा खेळाडू ख्रिस्तियन एरिक्सन थ्रो-इनचा चेंडू घ्यायला आला आणि कोसळला. डॉक्टर पोचले तेव्हा नाडी लागत होती, मग तीही गेली. हृदय थांबलं होतं. लगेच छाती दाबायला सुरुवात झाली, यंत्राने एक शॉक दिला आणि तो शुद्धीवर आला. पुढच्या फेब्रुवारीत तो पुन्हा मैदानात होता.

आपल्या क्लबच्या मैदानावर डॉक्टर नसतात. असतात ते गडी, अंपायर आणि स्कोअर लिहिणारा. म्हणजे छाती दाबायला शिकायला हवं ते यांनीच. कारण काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

पहिली चूक ओळखण्यातच होते. हृदय थांबल्यावरही हातपाय काही सेकंद झटके देऊ शकतात, तोंडाने आचके येतात. लोकांना वाटतं फिट आली. मग कोणी कांदा शोधतो, कोणी चप्पल नाकाला लावतो. फिटलासुद्धा त्याचा काडीचा उपयोग नाही, इथे तर त्यात जीव जातो. हाक मारून, खांदे हलवून माणूस हलत नाही आणि श्वास नीट चालत नाही, एवढं दिसलं की पुरे. एकाने १०८ला फोन करायचा, एकाने एईडी, म्हणजे शॉक देणारं यंत्र, आणायला पळायचं, तिसऱ्याने छाती दाबायला घ्यायची.

शॉकने बंद हृदय चालू होतं, हा सिनेमातला समज. खरं तर त्या वेळी हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू बेताल थरथरत असतात, रक्त पुढे जात नाही. शॉक ती थरथर मोडतो, मग हृदयाचा स्वतःचा ताल परत येऊ शकतो. पण त्यासाठी स्नायूत ऑक्सिजन शिल्लक हवा.

तो पोचतो कसा, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. छाती दाबली की रक्त मेंदूकडे जातं. हृदयाच्या स्नायूला मात्र ते मुख्यतः दाब सोडल्यावर मिळतं. त्याला रक्त देणाऱ्या करोनरी धमन्या हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या बुडाशी फुटतात. छाती वर आली की हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातला दाब उतरतो, महाधमनीतला त्याहून जास्त राहतो आणि या फरकावर रक्त स्नायूत शिरतं. हा फरक एका दाबात तयार होत नाही, लागोपाठ दाबांनी चढत जातो. हात थांबले की काही सेकंदांत कोसळतो, पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागतो.

म्हणून ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. सरावाच्या पुतळ्यावर नवखा माणूस जोर लावतो खरा, पण दमला की तळहाताचा भार छातीवरच टेकवून ठेवतो. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा तो याचसाठी. दुसऱ्याने समोर गुडघे टेकून, हात तयार ठेवून बसायचं आणि पहिल्याने हात उचलला की त्याच तालात सुरू करायचं.