दुर्मीळ वेगळं, धोक्यात वेगळं

जुलैच्या शेवटी कासच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, गेलात तर जांभ्यातल्या उथळ डबक्यांत वायतुरा उभा दिसेल. चिखलात कंद, पाण्यात पानं आणि वर इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा. नाव त्यावरूनच पडलं. एकेका डबक्यात इतके तुरे, की मोजायचा कंटाळा यावा. अशा वेळी सोबतचा कुणी जाणकार म्हणतो, ‘ही फार दुर्मीळ वनस्पती’, आणि पहिल्यांदा आलेल्याला वाटतं, आपली थट्टा चाललीय.

थट्टा नसते. साताऱ्याजवळचे मोजके सडे सोडले तर हा वायतुरा जगात कुठेच नाही. 1981 साली डेबोरा रॅबिनोविट्झ या अमेरिकी संशोधक बाईंनी हा घोळ छान सोडवला. वनस्पतीला तीन प्रश्न विचारा: तू किती मोठ्या प्रदेशात पसरलीस? तुला हरतऱ्हेची जागा चालते, की एखादीच? आणि जिथे आहेस तिथे भरपूर आहेस, की तुरळक? प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे आठ खणांचा तक्ता. त्यातला एकच खण ‘सगळीकडे, कुठेही, भरपूर’ असा. बाकीचे सातही दुर्मिळतेचे. वायतुरा ‘छोटा प्रदेश, ठरावीक जागा, पण तिथे रग्गड’ या खणात बसतो.

पण दुर्मीळ म्हणजे धोक्यात, असं नाही. आपल्या बातम्यांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि मला ते खटकतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीतही पूर्वी ‘दुर्मीळ’ असा एक वर्ग होता. 1994 मध्ये आकड्यांवर आधारलेले निकष आले, तेव्हा तो वर्ग काढून टाकला. आता विचारायचं एवढंच, की ही वनस्पती नाहीशी होण्याचा धोका किती? त्यानुसार अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित अशा तीन उतरत्या पायऱ्या.

पायरी ठरते कशी? समजा, एक रोप फक्त तीन सड्यांवर सापडतं. नकाशावर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन आखायचे आणि रोप असलेले चौकोन मोजायचे. तीन चौकोन म्हणजे 12 चौरस किलोमीटर. 10 पेक्षा कमी भरले तर अतिसंकटग्रस्तची मर्यादा, 500 पेक्षा कमी तर संकटग्रस्तची. मात्र घर लहान आहे एवढ्यावर भागत नाही. ऱ्हास चालू आहे का, वस्ती तुकड्यातुकड्यांत किंवा अगदी थोड्या ठिकाणी आहे का, संख्या वेडीवाकडी वरखाली होते का, या तीनपैकी दोन गोष्टी तरी दाखवाव्या लागतात. यातला ‘ठिकाण’ हा शब्द फसवा आहे. गावं मोजायची नसतात, संकटं मोजायची असतात. बॉक्साइटच्या एकाच खाणीत तिन्ही सडे जाणार असतील, तर ते तीन नव्हे, एकच ठिकाण.

आता उलटं उदाहरण घ्या, नरक्याचं. फुलांच्या घाणेरड्या वासावरून हे नाव. दुसरं नाव मात्र अमृता! सह्याद्रीच्या जंगलांत दूरवर पसरलेलं हे झाड दुर्मीळ मुळीच नव्हतं. पण त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, कर्करोगावरच्या औषधांचा कच्चा माल. ते कळल्यावर नरक्यावर कुऱ्हाड चालली आणि लाकडाचे तुकडे पोती भरभरून डोंगराखाली गेले. अशा झाडासाठी घराचा आकार बघून उपयोग नाही, घसरण बघावी लागते. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ मोठा असेल त्यात संख्या 30 टक्क्यांनी घटली तर असुरक्षित, 50 टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त, 80 टक्क्यांनी घटली तर अतिसंकटग्रस्त. झाडांच्या बाबतीत अडचण अशी, की तीन पिढ्या म्हणजे कित्येक दशकं. तेव्हा कुणी मोजून ठेवलंय? मग जंगल किती गेलं, माल किती निघाला, यावरून अंदाज बांधायचा. निकषांना असा अंदाज चालतो, फक्त तो कशावरून बांधला ते लिहावं लागतं.

सगळ्यात अवघड शिक्का ‘नामशेष’चा. शेवटचं रोप मेलं याबद्दल रास्त शंका उरली नसेल, तरच तो मारायचा. हबार्डिया नावाचं एक नाजूक गवत 1919 मध्ये जोगच्या धबधब्याच्या तुषारांत सापडलं होतं. पुढे शरावतीवर धरण झालं, धबधब्याचं पाणी घटलं आणि गवत काही पुन्हा दिसलं नाही. ते नामशेष झालं असंच धरून चालले होते. या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव यांना ते भेटलं, तेही जोगपासून कितीतरी उत्तरेला, आपल्या तिलारी घाटात.