तांब्याच्या तारेवरची पैज : सुरुवातीच्या डीएसएल चिप-भागीदाऱ्यांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९९७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने अमाटी कम्युनिकेशन्स ही कॅलिफोर्नियातील छोटी कंपनी सुमारे ३९.५ कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा अमेरिकी शेअर बाजारात ब्रॉडबँड मोडेमविषयी चाललेल्या वादाला नवे वळण मिळाले. अमाटीचा व्यवसाय किमतीच्या मानाने अगदीच लहान होता. मोल होते ते डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून वेगाने माहिती पाठवण्याच्या तंत्रावरील, तिच्या पेटंटांना. हे मोल अखेर कोणाच्या पदरात पडणार, चिप बनवणाऱ्याच्या, मोडेम विकणाऱ्याच्या की मूळ तंत्र शोधणाऱ्याच्या, हाच त्या काळातील गुंतवणूकदारांच्या चर्चेचा खरा विषय होता.

घरोघरी पोहोचलेली टेलिफोनची तांब्याची तार आवाजासाठी टाकलेली असते. लांब तारेवर वरच्या वारंवारिता क्षीण होतात आणि शेजारच्या तारांचा, रेडिओ केंद्रांचा गोंगाट आत शिरतो. अशा तारेवरून वेगाने माहिती पाठवण्याचे दोन मार्ग स्पर्धेत होते. एटी अँड टी पॅराडाइनचा ‘कॅप’ हा मार्ग तुलनेने सोपा होता. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन सिऑफी यांनी पुरस्कारलेला ‘डीएमटी’ हा मार्ग तारेची क्षमता सुमारे ४.३ किलोहर्ट्झ रुंदीच्या २५६ अरुंद वाहिन्यांमध्ये विभागतो, जोडणी होताना प्रत्येक वाहिनी तपासतो, जिथे तार स्वच्छ आहे तिथे अधिक बिट चढवतो आणि जिथे गोंगाट आहे ती वाहिनी रिकामी सोडतो. प्रत्येक घराच्या तारेला स्वतंत्रपणे जुळवून घेण्याची ही कल्पना मला आजही त्या काळातील सर्वांत सुंदर अभियांत्रिकी वाटते. मात्र तिच्यासाठी लागणारी आकडेमोड तेव्हाच्या चिपला महाग पडत असे.

सिऑफी यांनी १९९१ मध्ये अमाटी स्थापन केली. १९९३ च्या सुरुवातीस अमेरिकी टेलिफोन कंपन्यांच्या बेलकोअर या संशोधन संस्थेत झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत अमाटीच्या नमुन्याने प्रतिस्पर्ध्यांना स्पष्टपणे मागे टाकले आणि अमेरिकी मानक समितीने डीएमटीची निवड केली. मानक हाती आले, तरी बाजार हाती आला नाही. टेलिफोन कंपन्यांच्या अनेक चाचण्यांत कॅपची उपकरणे वापरली जात होती, कारण त्या चिप तयार होत्या आणि स्वस्त होत्या. पॅराडाइनमधून १९९६ मध्ये वेगळी झालेली ग्लोबस्पॅन हाच धंदा पुढे नेत होती.

चिप-भागीदाऱ्यांना इतके महत्त्व का आले, हे यातून उलगडते. डीएसएल मोडेमला आकडेमोड करणारी चिप, तारेवरील संकेत अंकांत बदलणारा अ‍ॅनालॉग भाग आणि तार चालवणारा शक्तिवर्धक असे तिन्ही घटक लागत, आणि हे सर्व ज्ञान एका छताखाली क्वचितच असे. म्हणून मोटोरोलाने अमाटीकडून परवाना घेऊन ‘कॉपरगोल्ड’ ही चिप हाती घेतली, तर अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने मॅसॅच्युसेट्समधील अवेअर या गणिती तंत्राच्या कंपनीशी हातमिळवणी केली. ऑगस्ट १९९६ मध्ये शेअर बाजारात आलेल्या अवेअरचे गणित विकल्या जाणाऱ्या चिपमागे मिळणाऱ्या रॉयल्टीवर उभे होते.

अशा भागीदारीची घोषणा झाली की गुंतवणूकदार तिला जणू मिळालेले उत्पन्न मानत. माझ्या मते चूक इथेच होत होती. परवाना म्हणजे चिप नव्हे, नमुना चिप म्हणजे मागणी नव्हे, आणि मागणीची किल्ली टेलिफोन कंपन्यांकडे होती. ऑक्टोबर १९९६ मध्ये अमेरिटेक, बेलसाउथ, पॅसिफिक बेल आणि एसबीसी यांनी एकत्रित खरेदीसाठी अल्काटेल या फ्रेंच उपकरण-कंपनीची निवड केली, तेव्हा हे ठळकपणे दिसले. अल्काटेलची उपकरणे डीएमटीचीच होती. म्हणजे तंत्र जिंकले, पण मोठी ऑर्डर त्याच्या जन्मदात्याला मिळाली नाही.

सप्टेंबर १९९७ च्या अखेरीस इलिनॉयची मोडेम-निर्माती वेस्टेल समभागांच्या बदल्यात अमाटी घेण्यास पुढे आली. वेस्टेलची बरीच उपकरणे कॅपवर चालत, त्यामुळे या सौद्याने तिला दोन्ही तंत्रांत पाय रोवता आले असते. परंतु मोबदला वेस्टेलच्या समभागांत असल्याने त्याचे मोल बाजारभावावर अवलंबून होते, आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्रत्येक समभागामागे रोख २० डॉलर देऊ केले. अमाटीने रोख रक्कम स्वीकारली. मोडेम बनवणाऱ्याऐवजी सिलिकॉन बनवणारा जिंकला, आणि डीएमटीची मूळ पेटंटे एका मोठ्या चिप-कंपनीकडे गेली.

जानेवारी १९९८ मध्ये कॉम्पॅक, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी टेलिफोन कंपन्यांसह ग्राहकाने स्वतःच बसवता येईल अशा सोप्या डीएसएलसाठी गट उभारला. त्यातून आलेले ‘जी.लाइट’ मानक १९९९ मध्ये मंजूर झाले, पण प्रत्यक्षात पूर्ण वेगाचे डीएसएलच अधिक पसरले. भारतात एमटीएनएलने २००५ मध्ये मुंबईत सुरू केलेले ब्रॉडबँडही याच डीएमटी पद्धतीवर आधारलेले होते.

दरम्यान चिप-कंपन्यांचे एकत्रीकरण सुरू झाले होते. ग्लोबस्पॅन २००१ मध्ये विराटाशी आणि २००४ मध्ये कोनेक्झंटशी जोडली गेली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ग्राहकांच्या घरातील डीएसएल उपकरणांचा चिप-व्यवसाय २००७ मध्ये इन्फिनिऑनला विकला. इन्फिनिऑनचा तो विभाग २००९ मध्ये लँटिक म्हणून वेगळा झाला आणि २०१५ मध्ये इंटेलने लँटिक विकत घेतली.