शीतनिद्रा आणि प्लेग
थंड मुलखातील रानकृंतक (उंदीर-खारींसारखे कुरतडणारे रानटी प्राणी) सहा-सात महिने बिळात झोपून असतात, तेवढ्या काळात प्लेगचे जंतू (यर्सिनिया पेस्टिस) कोठे दडतात, हा साथरोगशास्त्रातील जुना प्रश्न. त्याचा अभ्यास मुख्यतः मंगोलिया व ट्रान्सबैकाल (बैकाल सरोवरापलीकडचा रशियन मुलूख) यांतील तारबागान या मार्मोटवर, म्हणजे बिळात राहणाऱ्या मोठ्या खारीवर, आणि स्टेप या गवताळ मैदानांतील सुसलिक खारींवर झाला. मांचुरियातील १९१०-११ च्या फुप्फुसी प्लेगात सुमारे ६०,००० माणसे दगावली; ती साथ तारबागानच्या शिकाऱ्यांपासून सुरू झाली असावी, असे बहुतेक मानतात. मुंबईच्या १८९६ च्या साथीतील घरउंदीर शीतनिद्रा घेत नाहीत, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही.

तारबागानचे कुटुंब शरदात बिळात शिरते, माती, दगड व लेंड्या यांचे बूच आतून ठोकते आणि गवताच्या अंथरुणावर एकमेकांना बिलगून वसंतापर्यंत पडून राहते. अंग अगदी गार पडते. जंतू या झोपलेल्या प्राण्यातच टिकतो, हे पहिले मत. झोप मात्र सलग नसते; मधूनमधून प्राणी तापून जागा होतो व पुन्हा गारठतो. प्लेगचा जंतू ४° से. ला मंदपणे वाढू शकतो, पण ३७° से. ला तयार होणारे त्याचे संरक्षक आवरण थंडीत तयार होत नाही. प्राण्याची प्रतिकारशक्तीही तेव्हा मंदावलेली असते. सोव्हिएत संशोधकांनी झोपेआधी लागण केलेल्या सुसलिकांपैकी काहींत रोग झोपेत दबून राहिला व जाग आल्यावर उफाळला.

दुसरे मत प्लेग पसरवणाऱ्या पिसवांकडे बोट दाखवते. गारव्यात जंतूंचा चिकट थर पिसूच्या अन्नमार्गात साचून तो तुंबतो, आणि मार्मोटची पिसू थंड बिळात कित्येक महिने जगते. तिसरे मत मातीचे : इराणी कुर्दिस्तानातील बिळांवरून फ्रेंच संशोधक मोलारे यांनी ‘पुरलेल्या प्लेग’ची कल्पना मांडली. तेथील मेरिओनिस उंदीर मात्र शीतनिद्रा घेत नाहीत. ग्रँड कॅन्यनमध्ये प्लेगने मेलेल्या प्यूमा या रानमांजराच्या कुळातील मोठ्या प्राण्याच्या रक्ताने भिजलेल्या मातीत जंतू निदान २४ दिवस जिवंत आढळले. हिवाळ्यापुढे ही मुदत तोकडीच. पिसू व झोपलेला प्राणी मिळून साठा राखतात, हे मत अधिक पटणारे आहे.

रशियन संशोधक सुन्त्सोव्ह यांच्या मते खुद्द जंतूचा जन्मच या झोपेतला. हिवाळ्यात पिसवांच्या अळ्या मार्मोटच्या तोंडात शिरून श्लेष्मल त्वचा (तोंडाचे ओलसर अस्तर) कुरतडतात, आणि त्या जखमांतून आतड्यातला यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस हा प्लेगजंतूचा पूर्वज रक्तात उतरला. काळ ते २२,००० ते १५,००० वर्षांपूर्वीचा देतात. प्राचीन डीएनएवरून केलेले अंदाज काही हजारांपासून काही दशसहस्र वर्षांपर्यंत पसरलेले असल्याने ही कालगणना त्यांत बसूही शकते. अडचण वेगळी आहे : सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या हाडांत सापडलेल्या जंतूंत पिसूच्या आतड्यात तगण्यास उपयोगी वायएमटी जनुक नाही. पिसूवर भिस्त असलेले हे मत त्यामुळे डळमळते. पण काही प्राण्यांचे रक्त प्यालेल्या पिसवांत जंतू या जनुकावाचूनही तगतो, म्हणून ते बाद ठरवणे घाईचे होईल.

मंगोल शिकारी मार्मोटच्या काखेजवळचा मांसाचा तुकडा ‘माणसाचे मांस’ म्हणून काढून टाकतात. मार्मोट पूर्वी माणूस होता, ही त्यामागची कथा. प्लेगची गाठ काखेतही येते.