हौशी रेडिओ रिपीटरची इंटरनेट जोडणी

हौशी रेडिओचा रिपीटर, म्हणजे दुबळा सिग्नल ऐकून तो पुन्हा जोरात प्रक्षेपित करणारे केंद्र, इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या किंवा दुसऱ्या देशातल्या रिपीटरशी, अथवा संगणकावर बसलेल्या परवानाधारकाशी जोडण्याची पद्धत. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, तिला नुसते ‘लिंक’ म्हणतात. पाच वॅटच्या हँडसेटवर बोलणाऱ्याचा आवाज रेडिओलहरींनी डोंगरावरच्या रिपीटरपर्यंत जातो, तिथे त्याचे अंकीय रूपांतर होऊन तो इंटरनेटवर चढतो आणि पलीकडच्या रिपीटरमधून पुन्हा लहरी होऊन बाहेर पडतो. इकोलिंक, आयआरएलपी आणि ऑलस्टारलिंक या त्यातल्या प्रमुख प्रणाली. या कामात सॉफ्टवेअर बसवणे हा सोपा भाग आहे. कस लागतो तो ‘आत्ता खरोखर कोणी बोलते आहे का’ हे संगणकाला बिनचूक कळवण्यात, आणि लिंक चांगली की त्रासाची हे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

रिपीटर आणि त्याची शेपूट

दोन मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या वर, रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि बहुधा ६०० किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच त्याच क्षणी प्रक्षेपित करतो. दोन्ही कामे एकाच अँटेनावर चालतात, म्हणून मध्ये डुप्लेक्सर नावाच्या धातूच्या डब्यांची जोडणी असते. ती प्रक्षेपकाची ताकद ग्राहकात शिरू देत नाही. बोलणाऱ्याने बटण सोडले तरी रिपीटर लगेच बंद होत नाही, काही सेकंद नुसता वाहक, म्हणजे आवाजाशिवायची मूळ लहर, चालू ठेवतो. या शेपटीला ‘टेल’ म्हणतात. स्थानिक गप्पांत ती सोयीची असते, कारण आपला आवाज रिपीटरपर्यंत पोचला याची खात्री तिच्यावरून होते आणि प्रक्षेपकाची सततची उघडझापही टळते. ठरावीक वेळाने रिपीटर स्वतःचे कॉलसाइन, म्हणजे परवान्याचे ओळखचिन्ह, मोर्समध्ये पाठवतो, तेही याच प्रक्षेपकातून. ही शेपूट आणि हे मोर्स पुढे इंटरनेटवर निसटले की लिंकची डोकेदुखी सुरू होते.

इतिहास

कॅनडात नोव्हेंबर १९९७ मध्ये देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पसरलेले तीन नोड, म्हणजे संगणकाला जोडलेली रेडिओ केंद्रे, इंटरनेटवरून जोडले गेले. व्हँकुव्हरचे डेव्ह कॅमेरॉन यांचा हा प्रकल्प पुढे इंटरनेट रेडिओ लिंकिंग प्रोजेक्ट, अर्थात आयआरएलपी, या नावाने ओळखला गेला. सुरुवातीला विंडोज आणि व्होकलटेक कंपनीचा ‘इंटरनेट फोन’ हा प्रोग्रॅम वापरात होता. तो वारंवार बंद पडे, आणि डोंगरावरच्या खोलीतला संगणक पुन्हा सुरू करायला माणूस पाठवावा लागणे परवडणारे नव्हते. म्हणून कॅमेरॉन लिनक्सकडे वळले आणि १९९८ पासून प्रणाली लिनक्सवर स्थिरावली. आयआरएलपीने एक तत्त्व कटाक्षाने पाळले: जाळ्यात शिरायचे ते रेडिओवरूनच, संगणकाच्या मायक्रोफोनवरून नाही. त्यामुळे नोडचे चालक निर्धास्त राहिले. आपल्या रिपीटरवर येणारा प्रत्येक आवाज दुसऱ्या एखाद्या नोडच्या रेडिओतून आलेला आहे, एवढे त्यांना ठाऊक असे.

इंग्लंडमध्ये ग्रॅम बार्न्स यांनी आयलिंक तयार केले. २००२ मध्ये अमेरिकेतील जोनाथन टेलर यांनी इकोलिंक आणले, आणि त्याने संगणकावरून थेट बोलण्याची मुभा दिली. पुढे मोबाइल फोनवरूनही. इथे ओळखीची खातरजमा नोंदणीच्या वेळीच होते. परवान्याचा पुरावा दिल्याशिवाय कॉलसाइन चालू होत नाही. नोडच्या कॉलसाइनपुढे ‘-आर’ असेल तर तो रिपीटर, ‘-एल’ असेल तर एका फ्रिक्वेन्सीवरचा साधा लिंक रेडिओ. परदेशी गेलेला हॅम तिथल्या खोलीतून आपल्या गावच्या रिपीटरवर बोलू शकतो तो इकोलिंकमुळे, आणि या प्रणालीच्या लोकप्रियतेचे ते मोठे कारण आहे.

तिसरी वाट जिम डिक्सन यांची. ॲस्टरिस्क या मुक्त टेलिफोन एक्सचेंज सॉफ्टवेअरला स्वस्त दूरध्वनी कार्डे जोडण्याचे काम त्यांनीच केले होते. त्याच ॲस्टरिस्कमध्ये त्यांनी रिपीटर चालवणारा भाग घातला आणि त्यावर ऑलस्टारलिंक उभे राहिले. इथे संगणक रिपीटरला नुसता जोडला जात नाही. शेपूट किती, मोर्स केव्हा, कोणाचा आवाज कुठे जायचा, हे सगळे तोच ठरवतो. डिक्सन २०१६ च्या अखेरीस वारले, पण रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांवर त्यांचे काम आज जगभर चालू आहे. स्वीडनचे टोबियास ब्लूमबर्ग यांचे स्व्हिक्सलिंक हेही मुक्त सॉफ्टवेअर असून ते रिपीटरचे नियंत्रण आणि इकोलिंक दोन्ही सांभाळते.

जोडणीच्या दोन रीती

पहिली रीत थेट. रिपीटरच्या कंट्रोलरला, म्हणजे तो चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाला, मोकळा पोर्ट असतो. त्यात चार गोष्टी जोडायच्या: ग्राहकाचा आवाज बाहेर, इंटरनेटचा आवाज आत, प्रक्षेपक चालू करणारी पीटीटी तार, आणि ‘सिग्नल येतो आहे’ हे सांगणारी सीओएस तार. संगणकाच्या बाजूला सीएम१०८ किंवा सीएम११९ चिपचे यूएसबी साउंड कार्ड वापरतात, कारण त्या चिपवर आवाजाबरोबर पीटीटी आणि सीओएससाठी लागणाऱ्या पिनाही मिळतात. आवाज घ्यायचा तो रिपीटरच्या ग्राहकातून, प्रक्षेपकाकडे जाणाऱ्या मिश्रणातून कधीच नाही. नाहीतर इंटरनेटवरून आलेला आवाज फिरून इंटरनेटवरच जातो.

दुसरी रीत लिंक रेडिओची. डोंगरावर इंटरनेट नाही, पण पायथ्याच्या गावात एखाद्या सभासदाच्या घरी आहे, अशा वेळी त्या घरात एक साधा मोबाइल रेडिओ संगणकाला जोडून ठेवतात. तो इतर कोणाही सभासदासारखाच रिपीटरशी बोलतो. या रीतीत रिपीटरला हात लावावा लागत नाही, म्हणून बरीच मंडळी इथूनच सुरुवात करतात. वरवर ती सोपी दिसते, पण तिच्यात तीन अडचणी दडलेल्या असतात.

पहिली अडचण शेपटीची. लिंक रेडिओ साध्या स्क्वेल्चवर आहे, म्हणजे कोणताही वाहक दिसला की उघडतो, असे धरू. गावातल्या एकाने बोलून बटण सोडले, रिपीटर आणखी चार सेकंद वाहक पाठवत राहिला. लिंक रेडिओला वाहक दिसतोच आहे; तो संगणकाला सांगतो, अजून कोणी बोलते आहे. इकोलिंक आणि आयआरएलपीमध्ये एका वेळी एकाच दिशेने आवाज जातो, म्हणून त्या चार सेकंदांत पलीकडून कोणी उत्तर दिले तर त्याचे पहिले शब्द इकडे प्रक्षेपितच होत नाहीत. दोन्ही टोकांना अशीच जोडणी असेल तर हाल विचारू नका: इकडची शेपूट तिकडच्या रिपीटरला उठवते, तिकडची इकडच्याला, आणि कोणी बोलत नसताना दोन्ही प्रक्षेपक आळीपाळीने चालू राहतात. त्यात मधूनच मोर्स मिसळतो.

उपाय सीटीसीएसएस टोनचा. हा ६७ ते २५४.१ हर्ट्झमधला एक मंद स्वर, जो बोलण्याबरोबर जातो पण स्पीकरमधून सहसा ऐकू येत नाही. रिपीटरच्या कंट्रोलरला सांगायचे की हा टोन ग्राहकावर खरोखर सिग्नल असेल तेवढ्याच वेळ पाठव. शेपूट आणि मोर्स टोनशिवाय जाऊ दे. लिंक रेडिओ त्या टोनवरच उघडेल असा ठेवायचा. मग बटण सुटल्याबरोबर त्याचे कान मिटतात, शेपूट हवेत असते पण त्याला ती ‘दिसत’ नाही. रिपीटरचा टोन सतत चालू ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. लिंक जोडण्याआधी ती मोडणे हे पहिले काम समजावे. आवाजाच्या पातळीवरून चालू-बंद होणाऱ्या व्हॉक्सवर काम भागवण्याचा मोह होतो, पण रिपीटरवर व्हॉक्स लावूच नये. एखादी खरखर किंवा मोर्ससुद्धा त्याला बोलणे वाटते.

दुसरी अडचण एफएमच्या स्वभावातली. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले की एफएम ग्राहक जोरदार सिग्नल धरतो आणि दुबळा पुरता झाकला जातो. लिंक रेडिओ पायथ्याशी, भारी अँटेनावर, पन्नास वॅटने बोलत असेल तर इंटरनेटवरचा माणूस गप्पा मारत असताना दूरच्या खेड्यातला हँडसेट रिपीटरला ऐकूच येणार नाही. तातडीचा निरोप असला तरी. म्हणून लिंक रेडिओची शक्ती रिपीटर स्वच्छ उघडेल इतपतच ठेवावी. त्याने रेडिओही थंड राहतो; हे मोबाइल रेडिओ तासन्‌तास प्रक्षेपणासाठी बनवलेले नसतात. तिसरी अडचण याच्याच जोडीची: लिंक रेडिओ बोलत असताना तो ऐकू शकत नाही, म्हणून मध्येच त्याला आज्ञा देऊन लिंक तोडता येत नाही. ७० सेंटीमीटर पट्ट्यातला स्वतंत्र दुवा डोंगरापर्यंत नेऊन तो कंट्रोलरच्या वेगळ्या पोर्टला जोडला आणि जाण्या-येण्याला दोन फ्रिक्वेन्सी दिल्या, तर या दोन्ही अडचणी मिटतात. खर्च वाढतो, पण करण्यासारखा आहे.

आवाजाची पातळी

स्थानिक माणूस आणि इंटरनेटवरचा माणूस रिपीटरवरून सारख्याच जोराने ऐकू आले पाहिजेत. इथे अंदाजाचे काम नाही. सर्व्हिस मॉनिटर या तपासणी उपकरणावर विचलन, म्हणजे आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते ते, पाच किलोहर्ट्झच्या आत बघून दोन्ही बाजू जुळवायच्या. आवाज स्पीकरच्या जॅकमधून न घेता मागच्या डेटा पोर्टमधून घ्यावा, म्हणजे कोणी व्हॉल्यूमचे बटण फिरवले तरी पातळी बदलत नाही. मात्र त्या पोर्टवरचा, थेट डिस्क्रिमिनेटर या एफएम उलगडणाऱ्या भागातून आलेला आवाज कच्चा असतो, त्यात उंच स्वर चढलेले असतात. सॉफ्टवेअरमध्ये ते उतरवणारे डी-एम्फॅसिस लावायचे राहिले तर बोलणे पत्र्यासारखे वाजते. गुणगुण येत असेल तर ६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून संगणक आणि रेडिओची जमीन (अर्थिंग) वेगळी करावी. इकोलिंकवर ९९९९ क्रमांकाचा चाचणी नोड आपलेच बोलणे परत ऐकवतो. पातळी तपासायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

इंटरनेटची बाजू

बँडविड्थ फार लागत नाही. इकोलिंकचा जीएसएम कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर अंकांत बसवणारी पद्धत, सेकंदाला १३ किलोबिटवर भागतो. ऑलस्टारमध्ये टेलिफोनच्या दर्जाचा ६४ किलोबिटचा आवाजही वापरता येतो. आवाज ज्या तुकड्यांनी जातो त्या पाकिटांच्या वेष्टनाचा भार दोन्हींत वर पडतो. वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे: पाकिटे मागेपुढे पोचली की शब्द तुटतात.

खरा अडसर पत्त्याचा. इकोलिंकला बाहेरून येणारे यूडीपी पोर्ट ५१९८ आणि ५१९९ मोकळे लागतात, ऑलस्टारला यूडीपी ४५६९. घरच्या राउटरवर ते पुढे वळवता येतात. पण ४जी सिमवर बहुधा शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात आणि तिथे वळवण्याची सोयच नसते. अशा डोंगरावर इकोलिंकची प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरावे लागते, नाहीतर गावातून ५ गिगाहर्ट्झचा वायफाय दुवा वर न्यावा लागतो. शिवाय स्वस्त स्विच-मोड पॉवर सप्लाय आणि राउटर रेडिओची खरखर वाढवतात. लिंक बसवल्यावर रिपीटर बहिरा झाल्याची तक्रार आली तर आधी त्यांच्याकडे बघावे.

वापर आणि नियंत्रण

लिंक हँडसेटच्या कीपॅडवरून, डीटीएमएफ आज्ञांनी, म्हणजे कळ दाबल्यावर निघणाऱ्या स्वरांनी चालवतात. आयआरएलपीवर चार आकडी नोड क्रमांक दाबला की जोडणी होते आणि ७३ दाबले की सुटते. ऑलस्टारच्या नेहमीच्या मांडणीत जोडायला तारांकन-३ आणि नोड क्रमांक, सोडायला तारांकन-१ आणि तोच क्रमांक. अनेक नोड एकत्र बोलतात त्या जागांना आयआरएलपीत रिफ्लेक्टर, इकोलिंकवर कॉन्फरन्स म्हणतात. बोलणाऱ्यांनी एक शिस्त पाळायची: बटण दाबून क्षणभर थांबावे, मग बोलावे, आणि समोरच्याचे संपल्यावर दोन सेकंद जाऊ द्यावेत. टोन ओळखायला आणि प्रत्येक टप्पा जागा व्हायला वेळ लागतो. त्या मोकळ्या जागेतच नवा माणूस आत येऊ शकतो, किंवा स्थानिक हॅम लिंक तोडण्याची आज्ञा देऊ शकतो.

रिपीटरमधून जे बाहेर पडते त्याची जबाबदारी त्याच्या परवानाधारकाची, मग बोलणारा दहा हजार किलोमीटरवर का असेना. म्हणून लिंक बंद करण्याचा मार्ग इंटरनेटवर अवलंबून नसावा. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांच्या २५व्या कलमानुसार वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांमधले बोलणे अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करता येत नाही. भारतात हौशी परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा देते. रिपीटरला इंटरनेट जोडण्यापूर्वी परवान्याच्या अटी वाचून, लेखी परवानगी हाताशी ठेवूनच पुढे जावे. शेजारच्या क्लबने केले आहे, एवढा आधार पुरत नाही.

डी-स्टार, डीएमआर आणि यासूची सिस्टिम फ्यूजन या अंकीय पद्धतींचे रिपीटर आवाज मुळातच अंकांत हाताळतात, त्यामुळे त्यांच्या जोडणीत वरचे पातळीचे आणि शेपटीचे प्रश्न फारसे उरत नाहीत. कोडेक किंवा संदेशाची मांडणी वेगळी असल्याने एकमेकांशी बोलताना मात्र भाषांतर करणारा सर्व्हर लागतो.

आपत्तीच्या वेळी

अटलांटिकमध्ये चक्रीवादळ उठले की व्हीओआयपी हरिकेन नेट हे हॅमचे संपर्कजाळे इकोलिंकच्या ‘डब्ल्यूएक्स टॉक’ कॉन्फरन्सवर आणि आयआरएलपीच्या ९२१९ नोडवर भरते आणि वादळाच्या वाटेवरच्या हॅमकडून वारा, पाऊस, दाब यांची प्रत्यक्ष निरीक्षणे गोळा करून मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राकडे पाठवली जातात. जमिनीवरचे असे आकडे उपग्रहाच्या चित्रातून मिळत नाहीत. पण ज्या गावावर वादळ कोसळते तिथली वीज, टॉवर आणि फायबर आधी जातात. म्हणून लिंकचा संगणक बंद पडला, केबल तुटली, सर्व्हर गेला, तरी रिपीटर जसाच्या तसा चालू राहील अशी जोडणी करायची. ऑलस्टारसारख्या मांडणीत संगणक हाच कंट्रोलर असतो, तेव्हा त्याला रिपीटरच्याच बॅटरीवर ठेवावे, संगणक अडकला की तो पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर लावावा, आणि तो गेल्यास रिले पडून जुना साधा कंट्रोलर ताबा घेईल अशी सोय करावी. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, नेटवर्कची तार उपटून आणि मेन्स बंद करून रिपीटर बॅटरीवर किती तास चालतो ते मोजावे.