डिस्क १०० टक्के दाखवतंय म्हणजे आत नक्की काय चाललंय?

"लॅपटॉप लई स्लो झालाय, नवीन घेऊ काय?" असं कुणी विचारलं की मी आधी एकच सांगतो, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघड आणि डिस्कचा कॉलम बघ. कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या मामेभावाचं वर्कशॉप आहे, तिथल्या बिलाच्या लॅपटॉपवर परवा हेच बघितलं. प्रोसेसर निवांत, रॅम अर्धी मोकळी, आणि डिस्क लालभडक, १०० टक्के. पण वेग बघितला तर सेकंदाला १ एमबी सुद्धा नाही. डिस्क एवढी राबतीय आणि हाताला काहीच लागत नाही, हे कसं काय?

तर ते १०० टक्के म्हणजे डिस्क किती वेळ अडकलेली आहे त्याचा आकडा, किती डेटा निघाला त्याचा नाही. हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात, लॅपटॉपात बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेऱ्या, आणि दांडीच्या टोकाला बसवलेलं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतर ठेवून तरंगत असतं. काही वाचायचं तर आधी दांडी योग्य ट्रॅकवर न्यायची, त्यात साधारण १२ मिलिसेकंद जातात, मग पाहिजे ती जागा फिरत फिरत हेडखाली यायची वाट बघायची. एक फेरी ११ मिलिसेकंदाची, सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे अजून साडेपाच. म्हणजे सेकंदाला जेमतेम ५५-६० हेलपाटे, आणि विंडोज सुरू होताना लागणाऱ्या बारीकसारीक फाइल्स असतात हजारोंनी, त्या पण डिस्कभर विखुरलेल्या. एका हेलपाट्यात ४ केबी उचलले तर सेकंदाला २४० केबी सुद्धा भरत नाहीत! तीच डिस्क एखादी मोठी व्हिडिओ फाइल सलग वाचताना १०० एमबीपर्यंत जाते, कारण तिथं दांडीची पळापळ नसते.

१९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क काढली, रामॅक, २४ इंची ५० चकत्या आणि सगळी मिळून ५० लाख अक्षरांची जागा. तेव्हापासून जागा कुठल्या कुठं गेली, पण फिरायचं आणि थांबायचं काही सुटलं नाही.

ह्यावर उपाय म्हणजे नवीन लॅपटॉप नाही, हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. हिच्यात फिरणारं काहीच नाही. तोशिबातल्या फुजिओ मासुओकांनी १९८० च्या दशकात जी फ्लॅश मेमरी शोधली तीच आत असते, सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे आणि कप्प्यात चार्ज किती आहे त्यावरून डेटा ओळखायचा. डिस्कच्या कुठल्याही कोपऱ्यातलं वाचायला साधारण ०.१ मिलिसेकंद. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी वगैरे लिहिलेलं असतं ते सलग वाचण्याचं, माझ्या मते खरी कमाई ह्या ०.१ मध्ये आहे, हार्ड डिस्कच्या मानानं शंभरपटीहून जास्त. म्हणून जुन्या लॅपटॉपलासुद्धा साधी साटा एसएसडी (साटा म्हणजे जुन्या हार्ड डिस्कचीच जोडणी) पुरते, महागडी घ्यायची गरज नाही.

फ्लॅशची एक खोड मात्र आहे. लिहिता येतं थोडं थोडं, पण पुसायचं तर मोठा ब्लॉक एकदम, पाटीवरचा एक शब्द पुसायला अख्खी पाटी पुसावी लागावी तसं. म्हणून कुठला डेटा आता नको आहे हे विंडोजला डिस्कला कळवावं लागतं, त्याला ट्रिम म्हणतात, २००९ च्या विंडोज ७ पासून ते आपोआप होतं. जुन्या सवयीनं वेगळं सॉफ्टवेअर टाकून डीफ्रॅग करत बसू नका, दांडीच नाही तर फाइल सलग लावून फायदा कसला, उगाच कप्पे झिजतात.

आता जुन्या डिस्कवरचं विंडोज आणि सगळं नवीन एसएसडीवर हलवायचं कसं? बरेचजण सी ड्राइव्ह सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट करायला जातात, ते चालत नाही. लॅपटॉप चालू होताना यूईएफआय, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, आधी एक छोटं लपलेलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) शोधतो, त्यात बूट लोडर असतो आणि तो विंडोजला उठवतो. जुन्या एमबीआर पद्धतीत हे काम डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटपासून सुरू होतं, आणि ती जागा कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाही. म्हणून क्लोन करायचं, म्हणजे पार्टिशनच्या नकाशासकट सगळं उचलायचं. त्यासाठी क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण नवीन डिस्क जुनीपेक्षा लहान असली की तो अडून बसतो, अशा वेळी एसएसडी कंपनीचं स्वतःचं टूल बघा, वापरलेला डेटा मावत असला की त्यातली बरीच काम करतात.

क्लोन करताना नवीन एसएसडी बाहेरून जोडायला यूएसबी ते साटा केबल लागते, ती राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात मिळून जाते. क्लोन सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्स तिसऱ्याच जागी घ्या, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या आणि तो सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरता थांबवा, आणि बॅटरी फुल करून चार्जर लावून ठेवा, पावसाळ्यात आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल तर क्लोनच्या नादी न लागता आधी फोटो आणि हिशेब काढून घ्या, कारण अशी डिस्क तासभर सलग राबवली तर मधेच बसायची शक्यता जास्त.

क्लोन झाला की लॅपटॉप बंद करून जुनी काढा आणि नवीन बसवा. पहिल्यांदा चालू करताना जुनी केबलला लावून ठेवू नका, दोन्ही डिस्कची ओळख एकच झालेली असते, विंडोज गोंधळतं आणि त्यातली एक ऑफलाइन करतं. एसएसडी बहुतेक ७ मिलिमीटर जाडीची असते, जुनी साडेनऊची असेल तर हलू नये म्हणून खाली स्पेसर लावा.

सगळं नीट चालतंय ह्याची खात्री होईपर्यंत जुनी फॉरमॅट करू नका. पुढं ती केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा, कारण एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा आवाज नाही की इशारा नाही, आणि ट्रिम झालेली फाइल रिकव्हरीवाल्याला सुद्धा सहसा परत काढता येत नाही.