एकाच पेटीतील दोन बाटल्या

फ्रान्समधील बर्गंडी प्रदेशात वारसाहक्काच्या वाटण्यांमुळे द्राक्षमळ्यांचे इतके तुकडे झाले आहेत की, क्लो द वूजो या सुमारे 50 हेक्टरांच्या एकाच नामांकित मळ्याला आज 80च्या आसपास मालक आहेत. अशा मालकाच्या हाती वर्षाकाठी कधी दोन-तीनच पिंपे वाईन येते, आणि तेथील पिंपात मावते 228 लिटर, म्हणजे जेमतेम 300 बाटल्यांपुरती. मोठा उत्पादक शेकडो पिंपे एका टाकीत मिसळतो आणि त्यांच्यातील फरक आपोआप बुजतो. छोट्याने प्रत्येक पिंप वेगळे भरले, तर एकाचे लाकूड नवे आणि दुसऱ्याचे जुने एवढ्यावरूनही एकाच लेबलाखाली दोन चवी निघतात. चकलीचे दोन घाणे सारखे उतरत नाहीत, हे जाणणाऱ्याला याचे नवल वाटू नये.

खरे कोडे पुढचे आहे. एकाच पिंपातून, एकाच दिवशी भरलेल्या बाटल्याही दहा वर्षांनी एकसारख्या का राहत नाहीत?

याचे उत्तर बहुतांशी ऑक्सिजनमध्ये आहे. वाईनमधील लोह व तांब्याच्या अंशांच्या मदतीने ऑक्सिजन तिच्यातील फिनॉल या रंग व तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांवर क्रिया करतो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड करते, ज्याचा वास कापून ठेवलेल्या सफरचंदाची आठवण देतो. ही साखळी तोडण्यासाठी सल्फर डायऑक्साइड घालतात. हिशेबाने 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन त्याचे 4 मिलिग्रॅम खर्ची घालतो. हवेने पूर्ण संपृक्त झालेल्या वाईनमध्ये दर लिटरला सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे 32 मिलिग्रॅमची तरतूद संपली. आणि पांढऱ्या वाईनमध्ये भरतेवेळी मुक्त, म्हणजे अजून कशाशीही न बांधला गेलेला, सल्फर डायऑक्साइड साधारण तेवढाच असतो. त्यामुळे बाटल्या भरण्याच्या नळ्यांतील हवा नायट्रोजनने हुसकावण्याची सोय ज्याच्याकडे नाही, त्याच्या पहिल्या काही बाटल्या निम्मे संरक्षण गमावूनच तळघरात जाऊ शकतात.

त्यात बुचाची भर पडते. नैसर्गिक बूच म्हणजे ओकच्या एका जातीची साल. तिच्यातील सूक्ष्म छिद्रे कोणत्याही दोन बुचांत सारखी नसतात, म्हणून प्रत्येक बाटलीत वर्षानुवर्षे शिरणारी हवाही निराळी. 1999मध्ये ऑस्ट्रेलियातील वाईन संशोधन संस्थेने क्लेअर व्हॅलीची सेमियाँ या पांढऱ्या द्राक्षाची एकच वाईन 14 प्रकारच्या बुचा-झाकणांनी बंद करून पाहिली, तेव्हा फिरकीच्या झाकणाखाली सल्फर डायऑक्साइड सर्वांत चांगला टिकला, तर नैसर्गिक बुचांखालच्या बाटल्या एकमेकींपासून दूर गेल्या.

1990च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बर्गंडीतील पांढऱ्या वाईन अकाली तपकिरी पडू लागल्या, तेव्हा कमी केलेला सल्फर डायऑक्साइड, द्राक्षे हलक्या हाताने पिळणारी नवी यंत्रे आणि पिंपातला गाळ वारंवार ढवळणे, अशा अनेक कारणांवर बोट ठेवले गेले. ती कारणे संपूर्ण पिंपाला लागू पडतात. पण त्याच पेटीतील एक बाटली सोनेरी आणि तिची शेजारीण तपकिरी निघते, तेव्हा मला उत्पादकाच्या निष्काळजीपणापेक्षा त्या एका बुचावरच आधी संशय घेणे न्याय्य वाटते.