डेक्कन कॉलेज, पुणे

पुण्यातील येरवडा भागातील पदव्युत्तर शिक्षण व संशोधनसंस्था. पुरातत्त्व, भाषाविज्ञान आणि संस्कृत कोशरचना हे तिचे मुख्य विषय. १९९० पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे.

पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर त्या निधीतला काही पैसा मुंबईचा इंग्रज गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने शिक्षणाकडे वळवला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच पुढे पूना कॉलेज आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बांधलेल्या आजच्या दगडी इमारतीत ते १८६८ मध्ये आले. टिळक, आगरकर, इतिहासाचार्य राजवाडे इथलेच विद्यार्थी. वसतिगृहातली टिळकांची खोली अजून जपलेली आहे. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले, तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि शेवटपर्यंत लढले. त्यामुळेच १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. त्या माजी विद्यार्थ्यांचे ऋण मोठे आहे.

संस्थेचे सर्वांत मोठे धन म्हणजे संस्कृत महाकोशाच्या चिठ्ठ्या. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये हे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे १,५०० ग्रंथ निवडले. त्यात काव्य आणि व्याकरण आहे, तसेच वैद्यक, गणित आणि शिल्पशास्त्रही आहे. ग्रंथ वाचायचा, शब्द उचलायचा आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्य स्थळनिर्देशासह हाताने चिठ्ठीवर उतरवायचे. अशा सुमारे १ कोटी चिठ्ठ्या कपाटांच्या खणांत अक्षरानुक्रमे लावलेल्या आहेत. कोशात प्रत्येक अर्थाचे सर्वांत जुने उदाहरण आधी येते, मग त्यानंतरची. ही मांडणी का हवी, हे ‘असुर’ या शब्दावरून कळते. ऋग्वेदात वरुणासारख्या देवांनाही आदराने असुर म्हटले आहे. देवांचे वैरी हा अर्थ नंतर पक्का झाला. नुसता अर्थ देणाऱ्या कोशात हा प्रवास दिसतच नाही. पहिला खंड अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ पासून निघू लागला. अनेक खंड होऊनही काम अजून ‘अ’पासून सुरू होणाऱ्या शब्दांतच आहे. याला कुणी दिरंगाई म्हणेल, पण कोटीभर चिठ्ठ्या तपासून लिहायचे तर घाई करून चालत नाही.

पुरातत्त्व विभाग हसमुख सांकलिया यांनी घडवला. जोर्वे, नेवासे, नावडातोली ही त्यांच्या काळातली उत्खनने. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम चालले आणि इ. स. पू. १६०० ते ७०० च्या सुमाराची शेतकऱ्यांची वस्ती उघडी झाली. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांना पुरताना घोट्यापासून पावले तोडलेली आढळतात. मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेल्या एका पुरुषाची पावले शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा, असा अंदाज आहे.

समाजशास्त्र व मानवशास्त्र इरावती कर्वे यांनी इथे रुजवले. भारतभरच्या नात्यागोत्यांवरचा त्यांचा ग्रंथ संस्थेनेच १९५३ मध्ये काढला. मराठेशाहीची कागदपत्रे, चित्रे आणि नकाशे यांचा द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रहही १९३९ मध्ये इथे आला.

राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने भाषाविज्ञान विभागाने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे. मुलाला मालवणीत झील म्हणतात, अहिराणीत आंडोर. असे शब्द गावोगावच्या बोलणाऱ्यांच्या तोंडून घेऊन नकाशांवर मांडले आहेत, आणि कुणालाही ते महाजालावर पाहता येतात.